भासऱ्यांनी बंद केलेली मेन लाइन

११ नोव्हेंबर
केमो पुढे ढकलली, दुसऱ्यांदा. रक्त कमी, वजन उतरलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, जेवता काय? हे फाइल चाळू लागले. मीच सांगितलं, भात-भाकरी-साखर बंद, यांच्या मोठ्या भावाचा हुकूम. आतड्याची गाठ माझी, पथ्य भासऱ्यांचं.

१२ नोव्हें.
भासऱ्यांचं दिग्रसला ठिबक सिंचनाचं दुकान. मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि यांना सांगितलं, "रक्ताच्या नळ्या गाठीले साखर पुरवतात. मेन लाइन बंद कर, झाड वाळते." आमच्यात भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाहीत. पदर घेऊन दुधी-काकडी खात राहिले. भिंतीपलीकडे त्यांच्या ताटात पुऱ्या. सोडणार नाही त्यांना.

१५ नोव्हें.
यवतमाळ, दवाखाना. हट्टानं भासऱ्यांना सोबत नेलं. पदर घेतला नाही.
बाईंनी समजावलं. गाठीच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या. त्यांच्या पेशी साखरेवर हावरटासारख्या वाढतात, नव्या वाहिन्या फुटत राहतात. ती हाव औषधानं कमी केली तर वाहिनी सुधारेल, केमो गाठीपर्यंत नीट पोचेल, यावर अजून संशोधनच चालू आहे. ताट रिकामं ठेवून ते होत नाही. खाल्लं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवतं.
लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "भाऊजी, गाठ नाही वाळली. मीच वाळली."
भासरे गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसत बसले. माझं समाधान झालं नाही.

२ डिसें.
वरण-भात, अंडी. वजन चढतंय, केमो पुन्हा सुरू झाली. भासरे रोज अंडी आणून ओट्यावर ठेवतात. खाते. माफ केलेलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, भासऱ्यांचं जेवणावरचं मन उडालं आहे. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

२० डिसें.
स्कॅन. यकृतावर नवा डाग.
बाईंना स्पष्ट विचारलं, डोस चुकले म्हणून का? म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. आधीपासूनही असेल, बारीक म्हणून दिसला नसेल. कोणाला दोष देऊ नका. आता केमो बदलणार, सोबत नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं इंजेक्शन. सोमवारपासून. उपयोग होईल की...
घरी आले तर भासरे दारात. स्वतःहून बोलले.
"माह्यामुळे झालं काय?"
बाईंचं उत्तर माझ्यापाशी होतं. डाग निघाला, एवढंच सांगितलं आणि आत गेले.