सादरीकरणाचे गुण

सोलापूर,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय यशपालदादा,
सप्रेम जय भीम. आईचा गुडघा आता बरा आहे, असं वहिनी फोनवर म्हणाली. इकडे ऊन आत्तापासूनच तापतंय. माझं ठीक.

कॉलेजात आमचा इंग्रजीचा प्रोजेक्ट पार पडला. मुलांनी बाहेर जाऊन माणसांशी बोलावं, गटानं काम करावं, चारचौघांत उभं राहून मांडावं, ही कल्पना माझीच. एका गटानं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल शिवणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. म्हणजे एकट्या महेजबीननं घेतल्या. तिची अम्मी हुसेनबी तिथंच कामाला. बाकीचे तिघे एकदा जाऊन फोटो काढून आले.

सोमवारी तपासणी समिती आली. प्राचार्य मला म्हणाले, "ती मुलगी अडखळते हो. त्याच गटातल्या शिवपुत्रला उभं करा, इंग्लिश मीडियमचा आहे."

त्यानं सगळं हसत हसत वाचलं. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटानं बहिरे होत चाललेले कान, सुजलेले पाय, सगळं. हुसेनबीचं नावही चुकवलं. "काय कॉन्फिडन्स आहे!" समितीतले एक गृहस्थ पेढा चघळत म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. किळस आली, दादा, अजून जात नाही.

आणि महेजबीनला बाजूला बसायला प्राचार्यांनी नाही सांगितलं. मी सांगितलं. "तू स्लाइड बदल, बाळा. तेही टीमवर्कच."

नंतर ती म्हणाली, "मी अडखळते, मला म्हाईत हाय मॅडम. पण तेच शिकायला होता की हा प्रोजेक्ट."

त्याच दुपारी मी गुण भरले. ती बोललीच नाही, म्हणून सादरीकरणात तिला शून्य द्यावं लागलं. द्यावं लागलं कसलं? दिलं. मला कायम करण्याचा कागद प्राचार्यांच्या सहीसाठी पडून आहे.

आज सकाळी गुणतक्ता परत मागितला. वर्गात तिला उभं केलं. अडखळत, थांबत, पण शेवटपर्यंत बोलली. शिवपुत्र मान खाली घालून बसला होता. मी शून्य खोडून गुण दिले. प्राचार्य दारातून बघत होते, मग ऑफिसकडे वळले. आता सही होईलसं वाटत नाही. आईला तूच सांग.

शाबासकी मात्र देऊ नकोस. तास संपल्यावर मी माफी मागायला तिच्यामागे गेले. "बस चुकंल, मॅडम," एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता गेली.

तुझी, जिला तू इंग्रजी शिकवलंस ती,
धम्मप्रिया