काशेलीच्या पुलाआधी बंद पडणारी गाडी

बाबा, तुमची पांढरी गाडी हल्ली वाटेत बंद पडायला लागली. रोज पडली असती तर एव्हाना विकून मोकळी झाले असते. पण ती कधी पडायची, कधी नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नसे, मग दोन गचके, मग पुन्हा सुरळीत, आणि जरा हायसं वाटतंय तोच गाडीतला सगळा आवाज थांबायचा. नंतर ऐकू यायचे ते फक्त मागचे हॉर्न. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की काही झालंच नव्हतं अशी सुरू.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, म्हणून सांगते. तुमच्या जावयांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलतात, पण एका शब्दानंतर दुसरा यायला वेळ लागतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी त्यांना ठाण्याला फिजिओथेरपीला न्यायचे. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहीत, आणि परक्या ड्रायव्हरने उचलून बसवलेलं त्यांना चालत नाही. त्यांची डावी मूठ घट्ट मिटलेली होती. तिथल्या बाई ती एकेक बोट करून उघडायच्या, आणि तीन बोटं आपली आपण उघडायला लागलीसुद्धा. "खंड पाडू नका," त्यांनी मला बजावलं होतं, "बोटं परत मिटली तर पुन्हा उघडतीलच असं नाही." त्यामुळे गाडी चालणं म्हणजे ती बोटं उघडणं, असं माझ्या मनात बसलं.

पहिल्यांदा बंद पडली ती ठाण्याच्या वाटेवर, काल्हेरच्या गोदामांपाशी. दुसऱ्यांदाही तिथेच, जरा पुढे. तिसऱ्यांदा काशेलीच्या पुलावर. पुलाचं मी शेवटी लिहीन, आत्ता हात धजत नाही.

नारपोलीच्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, कॉइल बदलली. प्रत्येक वेळी तो स्वतः दोन चकरा मारून यायचा आणि किल्ली माझ्या हातावर ठेवायचा. "मॅडम, गाडी एकदम मक्खन हाय. गाडीला काय न्हाय झालं, तुमीच टेन्शन घेता." शेवटच्या वेळी तर म्हणाला, "उमर झाली आता." मी विचारलं, "कोणाची?" तो हसला आणि कापडाला हात पुसत आत गेला. मला हसू आलं नाही. घरी येताना सारखं वाटत होतं, हा खरं बोलत असेल तर? माझाच पाय चुकत असेल, मीच मध्येच कुठेतरी हरवत असेन आणि मला ते कळत नसेल तर?

त्या दिवशी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तुमचा आवाज आठवला. मी दहा वर्षांची आहे. कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर, दोन वेण्या, आणि कामतघरच्या कारखान्यात तुमचा डबा घेऊन आले आहे. चोवीस मागांचा खडखडाट. तुम्ही जॉबर, म्हणजे माग बिघडला की सगळे तुमच्याकडे धावणार. समोरचा एक माग थांबतो. तुम्ही शेडच्या दुसऱ्या टोकाला. मला वाटतं आपण बाबांना मदत करावी, आणि विणकर करतात तसं मी हँडल ओढते. माग चालू होतो. मी खुशीत तुमच्याकडे बघते, तर तुम्ही ओरडत येताय. "हात कोनी लावला? थांबला तसा ऱ्हाऊ द्याचा! तो सांगत व्हता काय झालंय ते, तू त्याला गप केलास. आता मी काय इचारू त्याला?" सगळ्या विणकरांदेखत. मी रडत रडत शाळेत गेले. सिस्टरनी विचारलं तर पोट दुखतंय असं सांगितलं. संध्याकाळी तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून पडघ्याच्या रस्त्याला लांबवर फिरवून आणलंत, पण "चुकलो" म्हणाला नाहीत. चुकला नव्हतातच.

आणि मी दर वेळी काय करत होते? गाडी बंद पडली की घाबरून किल्ली फिरवायची. सुरू झाली की देवाचे आभार मानायचे आणि पळायचं.

मग शाळेत लागलेल्या सवयीने एक वही केली. किती वेळ चालली, ऊन होतं का, पेट्रोल किती होतं. छोट्या फेऱ्यांना कधीच काही नाही, सलग अर्धा तास झाला की मग. गॅरेजवाल्याच्या दोन चकरांत ते दिसणार कसं? आणि टाकी भरलेली असली की लवकर. वाटेत पेट्रोल संपू नये या धास्तीने मी टाकी नेहमी काठोकाठ भरत होते, बाबा.

पुढच्या मंगळवारी शेजारच्या वहिनींना तुमच्या जावयांजवळ बसवून एकटीच निघाले. काल्हेरजवळ गचके सुरू होताच गाडी कडेला घेतली आणि बंद पडू दिली. किल्लीला हात लावला नाही. उतरले, मागे गेले आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽ करून हवा आत गेली, इतक्या जोरात की मी एक पाऊल मागे सरले. झाकण लावून किल्ली फिरवली. लगेच सुरू.

झाकणाच्या आत रबराची चकती होती. तुम्हाला आठवेल, कारखान्याबाहेर गाडी उभी असली की कापसाचे तंतू सगळीकडे शिरायचे, म्हणून पाण्याच्या माठापासून टाकीपर्यंत सगळं तुम्ही झाकायचात. सायकलच्या ट्यूबची मूळची चकती तुम्हीच कापून बसवलेली. गेल्या उन्हाळ्यात ती कडक झालेली दिसली, मधोमध एक बारीक भोकही पडलेलं. मला वाटलं, विरली बिचारी. मी तश्शीच नवी कापली, अगदी गोल, आणि तुमची जुनी देवघरात ठेवली. त्या मंगळवारी घरी येऊन ती जुनी चकती उजेडात धरली. भोक विरलेलं नव्हतं, सुईने पाडलेलं होतं. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत जायला वाट. माझ्या चकतीने ती वाट बंद केली होती; भरलेल्या टाकीत मुळात हवा कमी, म्हणून इंजिनाकडे जाणारं पेट्रोल लवकर अडायचं.

नवी चकती काढून टाकली. मग चार वेळा एकटी ठाण्याला जाऊन आले, टाकी भरून, भर उन्हात. एक गचका नाही.

आता पूल. गाडी बंद पडली तेव्हा मागून कंटेनर येत होता. आरशात त्याची जाळी सोडून काही दिसत नव्हतं, आणि हॉर्न असा की छातीत वाजावा. शेजारी बसलेल्या तुमच्या जावयांचं दार डावीकडे, आणि डावा हात लुळा. उजवा हात कडीपर्यंत नेताना ते धडपडत होते. हे मी पाहिलं, बाबा. पाहिलं, आणि माझं दार उघडून उतरले, गाडीच्या पुढून वळसा घेतला आणि त्यांच्या दारासमोरून कठड्याकडे पळाले. कडीला हात लावला नाही. कंटेनर हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उडी मारून ओरडला, "अरे मॅडम, साहब अंदर हैं!" तेव्हा मी परत वळले. ते काचेतून माझ्याकडेच बघत होते. घरी जेवताना म्हणाले, "बरं... केलंस." टोमणा होता की खरंच तसं वाटलं, मला विचारायचं धाडस झालं नाही.

गाडी सुधारून तीन आठवडे झाले. आज शुक्रवार. त्यांनी एका हाताने शर्टाची बटणं लावली आणि दारापाशी खुर्चीत येऊन बसले. "गाडी?" त्यांनी विचारलं.

"अजून दोष सापडत नाही हो," मी म्हटलं.

काल नखं कापताना उघडायला लागलेल्या तीन बोटांतली त्यांची करंगळी उघडली नाही. गाडी चालेल, हे मला ठाऊक आहे. पुलावर पुन्हा काही झालं तर मी काय करीन, ते ठाऊक नाही. हे लिहिणं तुमच्यापर्यंत पोहोचायचं नाही. घडी घालून वरच्या फळीवर डब्यांच्या मागे ठेवते आहे. तिथे त्यांचा हात पोहोचत नाही.