हवा मानवली नाही

बाबा,

इथल्या भिंतीवरून हात फिरवला की अजूनही बोटांना पांढरी पूड लागते. तुम्ही आलात त्या दिवशी ती पूड जिभेला लावून म्हणाला होतात, "मीठच आहे ना बाई हे!" तेव्हा आम्ही एका चाळीत राहायचो. एक खोली, स्वयंपाकघर, समोर सगळ्यांची मिळून एक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला संडास. समुद्र दिसत नसे, तो दोन गल्ल्या पलीकडे होता. पण घरात तोच असायचा. खिडकीचे गज वर्षभरात गंजत, काडेपेटी सादळे, पापड डब्यातच मऊ पडत, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येई. अंगावरचा घाम वाळत नसे. शेजारी बहुतेक कोकणातून आलेले, एकदोन बिऱ्हाडं कोळ्यांची. वारा अडेल म्हणून दिवसा कुणी दार लावत नसे, आणि त्यामुळे कुणाकडे काय शिजलं, कुणाकडे कोण आलं, हे सगळ्यांना ठाऊक असे.

तुम्ही रिटायर झालात त्या वर्षीच्या मे महिन्यात आलात. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एक ट्रंक, एक वळकटी आणि गोणपाटात शिवलेला लोखंडी कूलर. हमालाने तो जिन्याखाली टेकवला. तुम्ही वर आलात आणि पाणीही न पिता म्हणालात, "क्वार्टरची चावी देऊन आलो." मी म्हटलं, "बरं झालं." चावी दिली म्हणजे जवाहरनगरचं फॅक्टरीच्या वसाहतीतलं घर संपलं, हे मला कळत होतं. गावी मोहाडीला काकांचं घर होतं, पण तिथे तुम्ही सणापुरते जात होता. तुम्ही माझ्याकडे राहायला आला होता. तुम्ही तसं बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. पण पाहुणा म्हणून येणारा माणूस कूलर घेऊन येत नाही.

तो कूलर तुम्हीच बनवला होता. माझ्या लहानपणी, सत्तरच्या सुमाराला, क्वार्टरच्या ओळीत पहिला कूलर आपला होता. दुपारी बाहेर लूचा भाजणारा वारा चालू आहे, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि आत अंधार करून आई आणि मी त्याच्यासमोर पडलो आहोत. ओल्या वाळ्याचा वास. तुम्ही फॅक्टरीच्या बसने घरी येता, हात धुता आणि आधी कूलरच्या टाकीत पाणी ओतता, मग स्वतः पिता. शेजारच्या बायका निवडायचं धान्य घेऊन आपल्याकडे येऊन बसत. कुणाला बोलावावं लागत नसे. मला वाटतं, तुमच्या लेखी घर म्हणजे तेवढंच होतं: बाहेरून आलेल्या माणसाला गार वाटलं पाहिजे.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही गॅलरीत गोणपाट उसवायला बसलात. गॅलरी भरली. शेजारच्या मावशी हातात कोयता आणि अर्धा सोललेला नारळ घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो आजोबा, काय आणलंत एवढं?"

तुम्ही मोठ्या आवाजात, आनंदाने सांगितलंत, "टट्टी आहे ना! खसची टट्टी. तीन बाजूनं टट्टी लावून देतो पोरीले, मंग पाहा कसं गार वाटते!"

मग मावशी म्हणाल्या, "अगोबाई, ती तर आमच्याकडे टोकालाच आहे. घरात कशाला लावताय?" आणि सगळी गॅलरी हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "तीन-तीन? मग सकाळी रांग नको लावायला!" आपल्याकडे टट्टी म्हणजे कूलरला लावायचा वाळ्याचा पडदा; त्यांच्यालेखी त्या शब्दाला संडासाखेरीज दुसरा अर्थच नव्हता. मावशी वाईट नव्हत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनीच केलं होतं. तुम्हीही हसलात, लोक खूश झाले असं तुम्हाला वाटलं.

आणि मीही हसले. नंतर तुम्हाला आत बोलावलं.

"बाबा, तो शब्द इथे नका बोलू."

"कोनता?"

"तोच. इथे वेगळा अर्थ होतो."

तुम्हाला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. तो लागताना मी तुमचा चेहरा पाहिला. "मंग काय म्हनू?"

मी वाळा म्हणा असं सांगू शकले असते. पडदे म्हणा, जाळी म्हणा. भाषा शिकवण्याचाच तर माझा धंदा होता. मी म्हटलं, "काहीच नका म्हणू."

त्यानंतर गॅलरीत तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. कूलर तेवढा लावलात. दुपारी तो सुरू केलात आणि खोली ओल्या फडक्यासारखी झाली. गाद्या दमट, वह्या फुगलेल्या, बाळाच्या अंगाला चिकट घाम. मावशी दारातून म्हणाल्या, "समुद्र घरात आणलात की हो!" तुम्ही जाळीसमोर हात धरून उभे होता. "पानी तर बरोबर फिरून राहिलं," हळू आवाजात, माझ्याकडे न पाहता. "थंड काहून नाही होत?"

तुमचे जावई म्हणाले, "मामा, इथल्या हवेतच पाणी आहे. आणखी कुठून शोषून घेणार ती?"

"हवेत एवढं पानी आहे," तुम्ही म्हणालात, "तर नळाले काहून नाही येत?" तुमचा तेवढा एकच विनोद या घरात झाला. आम्ही दोघंही हसलो नाही.

नंतर तुम्ही बटण बंद केलंत. पुढचे दिवस गॅलरीच्या खुर्चीत, घामाने भिजलेल्या बनियनमध्ये बसून काढलेत. कुणी काही विचारलं की मान हलवायची. एका संध्याकाळी मी तांदूळ धूत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "मोहाडीले जातो म्हनतो, तुझ्या काकाकडं." आणि थांबलात. मला एकच शब्द बोलायचा होता, राहा. मी पाणी ओतलं, दुसरं घेतलं आणि म्हटलं, "तुम्हाला इथली हवा मानवत नाहीये, बाबा."

तुम्ही लगेच म्हणालात, "हाव. हवाच." जणू मला अडचणीतून सोडवत होता.

काकांच्या पडवीत तुम्ही पुढचे दोन उन्हाळे काढलेत, तिसरा नाही. तिथे कूलर नव्हता. तो तुम्ही इथेच सोडला होता आणि खाऱ्या हवेने तो दिवाळीच्या आत खाल्ला. आता ती चाळही नाही. तिथे उंच इमारत आहे, तिच्यात मला एक फ्लॅट मिळाला आहे आणि दोन्ही खोल्यांत एसी आहे. वडील तुमच्याकडे का राहिले नाहीत, असं कुणी विचारलं की मी अजूनही हवेचंच नाव सांगते. लोक लगेच मान डोलावतात. इतकं सोपं उत्तर दुसरं नाही.

हे टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट वर लिहायची टाळली आहे. तुम्हाला गाडीत बसवून मी घरी आले, पंख्याखाली नुसत्या फरशीवर पडले आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपले. उठले तेव्हा मला फार बरं वाटत होतं.