त्या शुक्रवारी काढलेलं मॉड्यूल

प्रिय जेर्लिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? सहा वर्षं झाली. मी पान्योंग, ज्याला तू मानोंग, थोरला दादा, म्हणायचीस. मार्चमध्ये निवृत्त झालो. हारो भागातल्या माझ्या घरात आता मी आणि रेडिओ, एवढेच. सकाळी बेकरीतून सवयीने पाच पांदेसाल पाव आणतो, दोन खातो, उरलेले तसेच वाळून जातात. बेकरीवाली रोज विचारते, "पाहुणे आलेत वाटतं?" मी हो म्हणतो. नाही म्हटलं तर पुढचे प्रश्न येतात.

ऑफिसमध्ये तू बसायचीस ती खिडकीजवळची जागा शेवटपर्यंत रिकामीच होती. नवे लोक घरूनच काम करतात. अख्ख्या खोलीत पंख्याखाली मी एकटा, आणि बोलायला संगणकाचा पडदा. दुपारी नूडल्सचं गरम बाचोय खायलाही एकटाच जायचो. दुकानदारीण पहिले काही महिने दोन वाट्या मांडायची, मग तिनेही सोडून दिलं.

तुझा पहिला दिवस मला अजून आठवतो. तू विचारलंस, "मानोंग, हे मॉड्यूल म्हणजे नक्की काय?" मी म्हणालो, सर्व्हर हा साधा माणूस आहे, इंदाय पोरी, त्याला मागितलेलं पान देता येतं, बाकी सगळं त्याला जोडून द्यावं लागतं. पानं दाबून लहान करायला एक मॉड्यूल, जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पाठवायला दुसरं, पासवर्ड विचारायला तिसरं. तेव्हा आपल्याकडे ग्राहकांचे चाळीस सर्व्हर होते आणि प्रत्येकावर जाऊन मी हाताने मॉड्यूल जोडायचो, काढायचो. तू आठवडाभर गप्प बसून बघितलंस आणि मग म्हणालीस, "म्हाताऱ्या माणसाने इतकं चालू नये." महिन्याभरात तुझी पायथनची स्क्रिप्ट तयार. कुठली मॉड्यूल ठेवायची त्यांची एक यादी. स्क्रिप्ट चाळीस ठिकाणी जायची, यादीत नसेल ते काढायची, सगळं नीट आहे ना ते तपासायची, सर्व्हर पुन्हा सुरू करायची आणि शेवटी हिरव्या अक्षरांत अहवाल द्यायची. मी सगळ्यांना बोलावून दाखवली होती. स्वतःच्या पोरीने बक्षीस मिळवावं तसा मिरवत होतो.

आता त्या शुक्रवारचं लिहितो. त्या सकाळी तू यादीतून तीन जुनी मॉड्यूल कमी केली होतीस. मला विचारूनच केली होतीस आणि तिन्ही बरोबर होती. दुपारी तू जेवायला गेलीस. मला बहिणीकडे जत्रेच्या जेवणाला जायचं होतं, घाई होती. तुझा पडदा उघडाच होता. मी तुझ्या खुर्चीत बसलो. यादीत पासवर्ड विचारणारं ते जुनं मॉड्यूल दिसलं. सगळे ग्राहक नव्या पद्धतीवर गेलेत, हे कशाला ठेवायचं, असं मला वाटलं. ती ओळ मी काढली. स्क्रिप्ट चालवली. चाळीस हिरव्या ओळी आल्या. मी टोपी घातली आणि निघालो. तुला चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

क्षयाच्या तपासणी केंद्राचा सर्व्हर अजून जुन्याच पद्धतीवर होता, हे मी विसरलो होतो. आणि त्या सर्व्हरच्या मांडणीत बारा वर्षांपूर्वी मीच लिहून ठेवलं होतं, की हे मॉड्यूल असेल तर पासवर्ड विचार. नसेल तर काय, ते लिहिलंच नव्हतं. म्हणून काहीच बंद पडलं नाही. रुग्णांच्या नावांचं पान उघडत राहिलं, कुणालाही. शनिवार, रविवार, दोन दिवस.

सोमवारी ती नावं गावभर झाली होती. ओतोनच्या शाळेतल्या मिस हिनोलानचं नाव होतं, त्यांच्या वर्गातली मुलं आयांनी घरी ठेवून घेतली. आपले साहेब, सर नोएल, यांनी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. स्क्रिप्ट तुझी, खातं तुझं, यादी त्याच दिवशी बदललेली. ते मला म्हणाले, "पान्योंग, तू होतास ना इथे?" मी म्हणालो, "मी लवकर निघालो होतो, सर." यात एकही शब्द खोटा नव्हता.

आणि मग तू माझ्याकडे आलीस, ऑफिसातल्या पाण्याच्या कूलरपाशी. डोळे सुजलेले. म्हणालीस, "मानोंग, मला काढल्याचं आठवत नाही. पण त्या तीन ओळींसोबत चौथी ओळही मीच काढली असणार. दुसरं कोण काढणार?" तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. आणि मी तुला पेला भरून दिला आणि म्हणालो, "होतं असं, इंदाय. चुका सगळ्यांच्याच होतात." तू माझे आभार मानलेस. जेर्लिन, माझ्या चुकीबद्दल मी तुझं सांत्वन केलं आणि तू माझे आभार मानलेस.

दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास. नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो होतो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं तर मला भीती होती ती त्या खोलीतल्या सगळ्यात हुशार माणसाने माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघण्याची. ते माणूस तू होतीस.

निवृत्तीनंतर रिकाम्या घरात हे फार मोठ्याने ऐकू यायला लागलं. एप्रिलमध्ये मी सर नोएलकडे गेलो आणि सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "आता काय उपयोग रे, पान्योंग?" पण नोंद दुरुस्त करून घेतली. मग बोटीने बाकोलोदला गेलो. मिस हिनोलान तिथे बहिणीकडे राहतात, शिकवण्या घेतात. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या मुलीने मला तेव्हाच पत्र लिहिलं होतं. चार पानं. मी तिला माफ केलं होतं." मला हे माहीतच नव्हतं. मी मान खाली घातली. तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तिने तुमच्या वाटची माफी मागितली, आणि तुम्ही ती सहा वर्षं वापरलीत. माझ्याकडे काय आलात? आधी तिच्याकडे जा."

परवा मी तुझ्याकडे, गिमारास बेटावर, यायला निघालो होतो. पारोलाच्या बोटींच्या धक्क्यावर तुझी मावशी, मानांग तेरिंग, आंब्यांच्या टोपल्या उतरवत होती. मला बघून खूश झाली. म्हणाली, "कॉलेजवाले दोनदा येऊन गेले हो. संगणक शिकवायला ये म्हणतात. पण पोरगी ऐकत नाही. म्हणते, माझा हात बेभरवशाचा आहे, मी शिकवलं तर पोरंही तसंच करतील. तुम्हीच समजवा तिला, तुमचं ऐकेल." माझ्यासमोर बोट सुटली आणि मी चढू शकलो नाही. तोंडाने सांगितलं असतं तर तू मलाच पाणी दिलं असतंस, आणि ते मला प्यायचं नव्हतं. म्हणून लिहितो आहे. सर नोएलना दिलेल्या कागदाच्या दोन सह्या केलेल्या प्रती सोबत आहेत. एक तुझी, एक तू देशील त्याची. मला उत्तर नको, माफी तर नकोच. कॉलेज शुक्रवारपर्यंत थांबणार आहे, असं मावशी म्हणाली. ती ओळ तू काढली नव्हतीस. तुला आठवत नव्हतं, कारण आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तुझी यादी बरोबर होती, स्क्रिप्ट बरोबर होती, आणि तुझा हातही.

म्हणू देशील तर तुझाच,
मानोंग पान्योंग