बाहेरचा माणूस

ती. हरिबामामा,

हनुमंताचा दंडवत.

मी रांजणगावात ज्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला हाय, तिथं पूर्वी आपली मेंढरं बसायची. लहानपणी तुमच्या घोंगडीत मी तिथंच निजायचो. अजून भर दुपारी ऊन हलायला लागलं, की गेट विरघळतं आन् मला गवत दिसतं.

परवा त्या उन्हातून मेंढरं आली, मागं तुम्ही. मला वाटलं, डोळा लागलाय. तुम्ही विचारलंत, "आत पानी मिळंल का?"

शेजारी सुपरवायझर उभे होते. मी म्हणालो, "बाहेरच्या माणसाला आत सोडत न्हाईत."

तुम्ही माझ्याकडं निरखून पाहिलंत. मग हळूच म्हणालात, "बरं, साहेब." आन् कळप वळवलात.

शिफ्ट सुटल्यावर मी पाण्याचे दोन कॅन गाडीला बांधून तुम्हाला शोधलं. खुरांचे माग हायवेपर्यंतच होते. फिरत्या माणसाला पत्र तरी कुठल्या पत्त्यावर धाडू?

घरी आईनं विचारलं, "तुझा मामा हिकडं आलाय म्हणत्यात. दिसला का रं?"

मी म्हणालो, "न्हाई."

तुमचा भाचा,
हनुमंत