मधला गज

मठातली पाहुण्यांची खोली, श्रॉपशर
सेंट मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, सन १३८७

चि. पीअर्स यास,
थोरल्या बहिणीकडून नेहमीचे आशीर्वाद.

मी बरी आहे. इथल्या साध्वी रोज खारवलेला मासा वाढतात, आता माझ्याच अंगाला वास यायला लागलाय. सर रॉल्फच्या पुतणीशी तुझं लग्न ठरल्याचं कळलं. मुलगी शांत आहे म्हणतात. तुला ते बरंच पडेल.

आपल्या गढीवर आता सर रॉल्फचं निशाण आहे. तटाला दातेरी कठडा बांधायला राजाचा परवाना मिळाला, तेव्हा बाबांनी गावजेवण घातलं होतं. खंदक, उचलता पूल, दोन बुरूज, सगळी ऐट पुढच्या बाजूला. आई म्हणायची, "अहो, शत्रू काय आमंत्रण घेऊन पुढच्या दारानेच येणारे?" रॉल्फची माणसं मागून आली, खंदकातून, संडासाची घाण खाली पडते त्या नळातून वर. घाणीने बरबटलेला त्यांचा नाईक बाबांच्या खुर्चीत बसला. तेव्हा मला रडू आलं.

नळाच्या तोंडाचे गज कापलेले नाहीत. घाण उपसायला मधला गज निघावा म्हणून बाबांनी दगडात खुंटी बसवली होती. ती ठाऊक होती दरवान हॅमोला, तुला आणि मला. म्हणून राजाच्या अधिकाऱ्याने, शेरीफने, फितुरीच्या संशयावरून हॅमोला धरलंय. बिचारा त्या वेळी पूल उचलत होता, हातात बाण घुसला तरी साखळी सोडली नाही त्याने. त्याची बायको मॉड रोज येऊन बसते. "बाईसाहेब, तुम्ही तरी बोला ना."

खुर्चीतला नाईक मला हसत म्हणाला होता, "नवरदेवाने वाट चोख सांगितली हो." कोण नवरदेव, मला कळेना. मग तुझ्या लग्नाची बातमी आली.

बाबांनी जाताना गढी माझ्या नावे केली, तरी मागितली असतीस तर निम्मी दिली असती रे. तू ती माझ्या पाठीमागे विकलीस, आणि एका बाईसाठी हॅमोला फासावर चढू देतोयस. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. तरी इतके दिवस मी गप्प बसले. आईने जाताना तुला माझ्या ओटीत घातलं होतं ना, म्हणून.

शुक्रवारी हॅमोच्या खटल्याला पंच बसतील. मी उभी राहून तुझं नाव घेणार आहे.

पत्र नेणाऱ्याला सांगितलंय, घोडं दमवू नकोस. तुला हे शनिवारी मिळेल.

लोभ नसला तरी चालेल.

आईची थोरली,
टॉमसिन