मरून कागदावरची चूक

"आपल्या मालाला कुलूप आपणच लावायचं," असं तुम्ही म्हणाला होतात, बाबा, आणि माल तर आपला नव्हताच. गेम परदेशी; उज्जैनात, फ्रीगंजमधल्या तुमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तुम्ही त्याच्या फ्लॉप्या कॉपी करून विकायचात. गेम सुरू होताना पडद्यावर एखादं चित्र यायचं आणि त्याचा आकडा मागितला जायचा. ते आकडे मूळ गेमसोबत आलेल्या गडद मरून रंगाच्या कागदावर काळ्या शाईत छापलेले, झेरॉक्स काढली की सगळं काळंच यावं म्हणून. तुम्ही तो कागद खिडकीशी तिरका धरून, डोळे बारीक करून, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी हातानं उतरवायचात. आणि दर प्रतीत एक आकडा मुद्दाम चुकवायचात, प्रत्येकाचा वेगळा. कोणाची चूक कुठली, ते तुमच्या डोक्यात. प्रत दुसऱ्या दुकानात पोचली, की कोणी पोचवली ते तुम्हाला कळणार.

मला हे ठाऊक नव्हतं. मलाही तुम्ही एक प्रत दिली होतीत. किल्ल्याचं चित्र आलं की गेम मला बाहेर काढायचा, आणि मला वाटायचं, माझंच वाचायला चुकतंय.

मग कॉलेजातला एकजण आला. टावर चौकातल्या दुकानातून त्यानं तोच गेम घेतलेला. "अंकल, किले वाला नंबर डालो तो भगा देता है."

"वाह भैया! माल उनका, गारंटी मेरी?" तुम्ही हसलात. त्याचा कागद पाहिलात आणि हसू थांबलं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जेवतेय. तुम्ही दारात उभे.

"तुझा कागद आण." मी आणते. "कोणाला दिला होतास?"

"कोणालाच नाही."

"खरं बोल."

"अहो, जेवू तरी द्या तिला," आई म्हणते, "थानेदार झालात का?"

तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवता. त्यानंतर क्लासची किल्ली तुम्ही माझ्या हातात कधी दिली नाहीत.

मी खरंच कोणाला दिला नव्हता. कितीतरी वर्षं मी आईवर संशय घेतला, मैत्रिणीवर घेतला. आता मला चष्मा लागलाय, आणि वाटतं, त्या मरून कागदानं शिणलेल्या डोळ्यांनी तुम्हीच किल्ल्याचा आकडा आणखी कोणाच्या प्रतीतही चुकवला असणार. खात्री नाही, हाही संशयच. आणि कबूल करते, कोणी विश्वासानं काही हातात ठेवलं, की त्यात माझ्यासाठी काय चुकवून ठेवलंय, ते मी आधी शोधते. माझ्या मुलीच्या हे लक्षात आलंय.

तुम्ही गेल्यावर हे मी कुठे पाठवणार? तरी एकदाच म्हणा, बाबा, "माझ्याच हातून झालं असेल." तुम्ही म्हणणार नाही. ठाऊक आहे मला.